सोलापूरहून एका दिवसात बसवकल्याण : तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आपण "बॉर्डर ओलांडून एक दिवस" या विषयावर प्रश्न मागवले होते. विजापूर आणि गाणगापूरची पत्रं भरपूर आली, त्यांचं पुढच्या वेळी बघू. यावेळी फक्त बसवकल्याणचे प्रश्न घेतेय, कारण या गावाबद्दल सोलापुरात फारच कमी बोललं जातं आणि ते मला मनापासून खटकतं.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. घरात मी, मिस्टर, दोन मुलं (एक सातवीत, एक चौथीत) आणि सासूबाई. दर सुट्टीला अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर हेच होतंय. गोलघुमट मुलांनी शाळेच्या सहलीत बघितला. मिस्टर म्हणतात बसवकल्याणला जाऊ, हैदराबाद रोडनेच तर आहे. सासूबाई म्हणतात तिथं बघायला काय आहे? एका दिवसात होईल का आणि खरंच जाण्यासारखं आहे का? त्यांचे गुडघे दुखतात हे पण लक्षात घेऊन सांगा.

उत्तर : वहिनी, होईल आणि जाच. मिस्टरांचं बरोबर आहे, सगळा रस्ता हैदराबाद हायवेचाच. बोरामणी, इटकळ, अणदूर, नळदुर्ग, येणेगूर करत उमरगा, उमरग्याच्या पुढे थोड्या वेळात महाराष्ट्र संपतो आणि बिदर जिल्हा लागतो, मग सस्तापूर बंगल्याच्या चौकातून डावीकडे आत वळलं की गाव. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धरा, चहाला थांबत गेलात तरी तीन तासांत पोचता. सकाळी सहाला घर सोडा म्हणजे उन्हाच्या आधी किल्ला होतो.

बॉर्डर म्हणजे काही गेट वगैरे नाही हो, बोर्डांवरची अक्षरं बदलतात एवढंच, पण खिडकीतून बघत राहिलात तर जमीन बदलताना दिसेल, आपल्याकडची काळी माती मागे पडते आणि बसवकल्याणच्या बाजूला जांभ्याची लाल माती सुरू होते. मुलांना भूगोलाच्या पुस्तकातलं हे गाडीत बसून दाखवता येतं, ते चुकवू नका.

आता बघायला काय आहे ते. हे गाव, जुनं नाव कल्याण किंवा कल्याणी, आज तालुक्याचं साधं गाव आहे, बाजार, बसस्टँड, रिक्षा, सगळं आपल्या उमरग्यासारखं. पण अकराव्या शतकात सोमेश्वर पहिला या चालुक्य राजाने मान्यखेटहून राजधानी इथे आणली तेव्हापासून शंभर-सव्वाशे वर्षं दख्खनचा मोठा भाग इथून चालायचा, त्यात आपलं सोलापूर पण आलं. सहावा विक्रमादित्य इथलाच, 1076 ते 1126 अशी पन्नास वर्षं राज्य केलं आणि शक बाजूला ठेवून स्वतःच्या नावाचा संवत सुरू केला. त्याच्या दरबारात विज्ञानेश्वर होते, ज्यांनी मिताक्षरा लिहिली. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून आपल्याकडे कोर्टात ज्या केसेस चालतात ना, त्यातला मुलगा जन्मतःच हिस्सेदार होतो हा नियम या मिताक्षरेतून आलेला, आणि मुलींना तोच हक्क मिळायला 2005 ची कायद्यातली दुरुस्ती यावी लागली. सोलापूर कोर्टात ज्यांच्या तारखा पडतात त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल की हे सगळं सव्वाशे किलोमीटरवर लिहिलं गेलंय.

आणि सासूबाईंना हे नक्की सांगा. विक्रमादित्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात गाण्यांबद्दल सांगताना तो म्हणतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षं आधी आपल्या आज्या-पणज्यांच्या मुसळाचा आवाज या राजाने लिहून ठेवला! त्याच ग्रंथात मांडे आहेत, वडे आहेत, उडदाची इडली पण आहे. सासूबाईंना ओव्या येत असतील तर मुलांना गाडीत एक-दोन म्हणून दाखवायला सांगा, खरंच सांगते, किल्ला बघण्याआधी हे झालं तर किल्ला वेगळा दिसतो.

किल्ला भुईकोटच आहे, आपल्या सोलापूरच्या किल्ल्यासारखा सपाटीवरचा, त्यामुळे गुडघ्यांना फार त्रास नाही, दरवाजे एकामागोमाग एक लागतात, आत उंबरे आणि थोड्या पायऱ्या आहेत. बुरुजावर चढायचं काम मुलांवर आणि मिस्टरांवर सोडा, सासूबाईंना खाली सावलीत बसवा. आज जे बांधकाम दिसतं त्यातलं बरंचसं बहमनी आणि त्यानंतरच्या सुलतानांच्या काळातलं, 1657 मध्ये औरंगजेबाने बिदरपाठोपाठ हा किल्ला घेतला, पुढे निजामाच्या राज्यात कल्याणीचे नवाब इथे होते. आत सरकारी म्युझियम आहे, आजूबाजूच्या गावांत सापडलेल्या चालुक्य काळातल्या मूर्ती तिथे मांडल्यात, जैन मूर्ती पण आहेत. तिथे घाई करू नका, त्या मूर्तींच्या कंबरपट्ट्याचे पदर, हातातल्या बांगड्या, केसांचा अंबाडा एकेक करून मुलांना शोधायला लावा. सोमवारी किंवा सरकारी सुट्टीला बंद असू शकतं, म्हणून शक्यतो शनिवार-रविवारच धरा.

किल्ल्यानंतर त्रिपुरांत तलावाच्या बाजूला जायचं. तिकडे अनुभव मंटप आहे, आणि शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या सोबतच्या संतांच्या, गुहा आहेत, त्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर सांगते कारण खरं कल्याण तेच. जवळच बसवेश्वरांचा 108 फुटी पुतळा आहे, 2012 साली उभा राहिलेला, लांबून दिसतो आणि मुलं तिथेच सगळ्यात जास्त फोटो काढतील, काढू द्या.

दुपारचं जेवण झाल्यावर दोनच पर्याय ठेवा. सासूबाई दत्तभक्त असतील तर हुमनाबादजवळचं माणिकनगर, माणिकप्रभूंची संजीवन समाधी आहे. प्रभूंचा जन्म 1817 च्या दत्तजयंतीचा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा, आणि लहानपण कल्याणीतच गेलं. त्यांची मराठी पदं आहेत, मराठी भक्त खूप येतात, त्यांना अगदी आपल्याकडे आल्यासारखं वाटेल. आणि मूर्तिकाम बघायची हौस असेल तर हुमनाबाद तालुक्यातलंच जलसंगवी. तिथल्या चालुक्यकालीन देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर बायकांची शिल्पं आहेत, कुणी आरशात बघतेय, कुणी नाचतेय, आणि त्यातली एकजण लिहितेय. पाठमोरी वळून उभी, हात वर केलेला, आणि समोरच्या पाटीवर खरोखरची अक्षरं कोरलेली, विक्रमादित्याच्या स्तुतीची. नऊशे वर्षांपूर्वी शिल्पकाराला लिहिणारी बाई दाखवावीशी वाटली, तुमच्या सातवीतल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन त्या एका शिल्पासमोर दहा मिनिटं उभ्या राहा.

बिदर मात्र यात घुसवू नका. बरेच लोक "एवढं आलोच तर" म्हणून बिदर जोडतात आणि मग दोन्हीकडे नुसतं गाडीतून उतर-चढ होते. नळदुर्ग पण परत येताना अंधार पडायच्या आत जमलं तरच, बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणी महाल बघायला वेळ लागतो आणि तो किल्ला एक वेगळा दिवस मागतो. पावसाळ्यात नर-मादी धबधबे चालू असताना तर खास त्याच्यासाठीच जा, तुमच्यापासून पन्नासच्या आतच आहे.

प्रश्न : ताई मी वालचंद कॉलेजला बीए करायलोय. आमच्याकडे गड्ड्याची (सिद्धेश्वरांची) यात्रा, नंदीध्वज सगळं लहानपणापासून बघतो, आजोबा नेहमी म्हणायचे की आपले सिद्धरामेश्वर कल्याणला गेले होते. हे कल्याण म्हणजे हेच बसवकल्याण का? आणि तिथे सिद्धरामेश्वरांचं नेमकं काय आहे?

उत्तर : हेच. आणि तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण सोलापूरच्या माणसाने बसवकल्याणला का जावं याचं खरं कारण हेच आहे, बाकी किल्ला-म्युझियम नंतर.

बाराव्या शतकात चालुक्यांचं राज्य कलचुरी बिज्जळाने ताब्यात घेतलं, बसवण्णा म्हणजे बसवेश्वर त्याच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या भोवती कल्याणात जी माणसं जमली ती बघ. मडिवाळ माचय्या परीट, अंबिगर चौडय्या नावाडी, नुलिय चंदय्या दोर वळणारा, हरळय्या चांभार, आयदक्की लक्कम्मा नि तिचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून पोट भरणारे, आणि अक्कमहादेवी संसार सोडून आलेली. हे सगळे एका ठिकाणी बसून देव, जात, काम, बाईचं स्थान यावर बोलायचे आणि साध्या कन्नडमध्ये वचनं, म्हणजे छोटी गद्यकाव्यं, रचायचे. तो अनुभव मंटप, आणि त्याचे पहिले अध्यक्ष अल्लमप्रभू.

लक्कम्माची गोष्ट मला सगळ्यात आवडते. एक दिवस मारय्या रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला तर तिने त्याला ठणकावलं, गरजेपेक्षा जास्त कशाला आणलंस, जिथून आणलेत तिथे टाकून ये, आणि परत पाठवलं. तांदूळ वेचणाऱ्या बाईने हे म्हणावं! काम हीच पूजा, ज्याला ते कायक म्हणायचे, ते नुसतं बोलायला नव्हतं. आपलं गाव मागावरचं, विडीवरचं, गिरणीच्या भोंग्यावर उठलेलं, आपल्याला हे समजायला पुस्तक लागत नाही.

आता सिद्धराम. परंपरेत असं सांगतात की सोन्नलिगेत म्हणजे आपल्या सोलापुरात ते तळं खणून घेत होते, हजारो माणसं कामाला, देवळं उभी राहत होती, तेव्हा अल्लमप्रभू तिथे आले आणि कामावरच्या लोकांना विचारलं की तुमचा तो ओड्ड कुठंय, म्हणजे माती खणणारा. लोक भडकले, दगड मारायला लागले. मग सिद्धराम आणि अल्लम यांच्यात बोलणं झालं, अल्लमने विचारलं की बाहेर तळी नि देवळं बांधतोयस, आतलं काय? त्या बोलण्यानंतर सिद्धराम अल्लमबरोबर कल्याणला गेले. तिथे अल्लम आणि चन्नबसवण्णा यांच्यानंतर अनुभव मंटपाच्या शून्यसिंहासनावर तिसरे बसले ते आपले सिद्धराम. सोलापूरचा माणूस तिथला अध्यक्ष होता हे आपल्या शाळांत का सांगत नाहीत मला कळत नाही, सांगायलाच पाहिजे. त्यांची वचनं "कपिलसिद्ध मल्लिकार्जुन" या मुद्रेने, म्हणजे सहीसारख्या नावाने, संपतात, आणि मल्लिकार्जुन म्हणजे कोण ते सोलापूरकराला सांगायला नको.

शेवट वाईट झाला. हरळय्याचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मणाची मुलगी यांचं लग्न शरणांनी लावलं. हा तोच हरळय्या, ज्याने आणि त्याच्या बायकोने स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या चपला बसवण्णांसाठी केल्या अशी कथा आहे, आणि त्या बसवण्णांनी पायात न घालता डोक्याला लावल्या. त्या लग्नावरून गाव पेटलं, राजाने दोघांच्याही बापांना हाल हाल करून मारलं, मग 1167 च्या सुमारास बिज्जळाचाच खून झाला, शरण चहूकडे पांगले. बसवण्णा कूडलसंगमला गेले, सिद्धराम सोलापूरला परत आले आणि तळ्यातल्या देवळात त्यांची समाधी आहे, जिथे तू दर गड्ड्याला जातोस.

तिथे गेल्यावर सिद्धरामांच्या नावाचं मोठं देऊळ वगैरे शोधत बसू नकोस. तलावाच्या बाजूला जांभ्यात कोरलेल्या गुहा आहेत, अक्कनागम्माची, नुलिय चंदय्याची, अशा. अक्कनागम्मा म्हणजे बसवण्णांची बहीण, चन्नबसवण्णाची आई. आत वाकून जावं लागतं, लाल दगड, थंडावा, एवढंच. अनुभव मंटपाची आजची इमारत अलीकडची आहे, आणि नवा भव्य मंटप बांधायची पायाभरणी जानेवारी 2021 मध्ये झाली. मला विचारशील तर इमारतीपेक्षा गुहेत जास्त वेळ बस. आणि जायच्या आधी सिद्धरामांची पाच-दहा वचनं वाचून जा, मराठी अनुवाद मिळतात, आजोबांना कन्नड येत असेल तर मूळ त्यांच्याकडून ऐक.

आणि एक काम कर, येत्या भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला जाशील तेव्हा सातही नंदीध्वजांकडे बघताना तिथे जमलेली माणसं कोणकोणत्या समाजाची आहेत, कुणाला कोणता मान आहे ते नीट विचारून लिहून काढ. कुंभाराच्या मुलीचं सिद्धरामांच्या योगदंडाशी लग्न, ही आपल्या यात्रेची गोष्ट, आणि कल्याणात एका लग्नावरून जे झालं ती गोष्ट, दोन्ही शेजारी ठेवून तुला प्रोजेक्ट करता येईल.

प्रश्न : आमचा महिला बचत गट आहे, पंधरा-सोळा जणी. एसटीने जायचंय. अर्ध्या तिकिटात होईल का? आणि कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे म्हणतात ते आम्हाला पण लागू होतं का? रेल्वे आहे का?

उत्तर : रेल्वे नाही, बसवकल्याणला स्टेशनच नाही. बसच.

अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना जी 50 टक्के सवलत आहे ती राज्याच्या आत, त्यामुळे एसटीची गाडी कर्नाटकात जात असली तरी बॉर्डरच्या पुढचं पूर्ण तिकीट लागतं. 75 वर्षांवरच्यांचा फुकट प्रवास पण तसाच, हद्दीपर्यंत. आणि कर्नाटकची शक्ती योजना, 11 जून 2023 ला सुरू झालेली, ती कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी आहे, आधारवर तिथला पत्ता लागतो. कंडक्टरशी वाद घालून उपयोग नाही, तो नियमानेच वागतो. गटात कुणाचं माहेर गुलबर्गा-बिदरकडचं असलं तरी आता आधारवर सोलापूरचा पत्ता असेल तर तिकीट काढायचं.

सोलापूर स्टँडवरून हैदराबाद, हुमनाबाद, बिदरकडे जाणाऱ्या गाड्या उमरग्यावरून जातात, महाराष्ट्राच्या पण आणि कर्नाटकच्या पण. थेट गाडीची वेळ जमली नाही तर उमरग्यापर्यंत एसटीने अर्ध्या तिकिटात जा आणि तिथून बसवकल्याणची गाडी पकडा, पैशाच्या दृष्टीने पण हेच परवडतं. आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर वेळा विचारून घ्या, आणि मुख्य म्हणजे परतीची शेवटची गाडी बसवकल्याणला उतरल्या उतरल्या विचारा. कर्नाटकच्या गाड्यांवर बोर्ड बहुतेक कन्नडमध्येच असतात. सोलापुरात कन्नड बोलता येणाऱ्या खूप आहेत पण वाचता येणाऱ्या कमी, तेव्हा गटातली एखादी वाचणारी असेल तर तिला पुढे करा.

पण पंधरा-सोळा जणी असाल तर मी म्हणेन टेम्पो ट्रॅव्हलर करा. गावातली ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, प्रत्येक वेळी चार-चार रिक्षा करण्यात दिवस जातो. गाडी ठरवताना ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते आधीच विचारा, नसेल तर कर्नाटकात शिरताना वेगळा टॅक्स भरावा लागतो आणि तो ऐनवेळी तुमच्या बिलात येतो. टोल कुणाचा, ड्रायव्हरचं जेवण कुणाचं, हे पण आधीच बोलून घ्या.

प्रश्न : आम्ही पाच मित्र बाईकवर जायचं बघायलोय. MH 13 गाडी आहे, कर्नाटक पोलीस धरतात का? मे महिन्यात सुट्टी आहे.

उत्तर : स्वतःच्या गाडीला परमिट लागत नाही, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी, आरसी मोबाईलवर डिजीलॉकरमध्ये असलं तरी चालतं. हेल्मेट दोघांनाही, मागच्याला पण.

पण मे मध्ये नको रे बाबांनो. आपल्या उन्हात, हायवेवर, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर बाईकवर, ट्रकच्या मधून, आणि दुपारी किल्ल्यात दगड तापलेले. घरच्यांना पण काळजी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा आणि शक्य असेल तर पाच जणांत एक कार करा, खर्च जवळपास तेवढाच येतो. मे मध्येच जायचं असेल तर अक्षय्य तृतीयेच्या आसपास बसव जयंती असते, कधी एप्रिलच्या शेवटी येते कधी मे मध्ये, त्यावेळी गावात गर्दी आणि उत्साह दोन्ही असतो, तेव्हा बसने जा आणि संध्याकाळ धरून फिरा.

प्रश्न : तिथे जेवायला काय मिळतं? मराठी चालतं का?

उत्तर : मराठी आरामात चालतं. हा सगळा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता, त्यातलंच उदगीर, निलंगा, अहमदपूर आपल्याकडे आलं आणि बसवकल्याण तिकडे गेलं, सोयरीक दोन्हीकडे अजून चालू आहे. दुकानदार तुमचा पहिला शब्द ऐकून भाषा बदलतो.

जेवण सोलापूरकराला परकं वाटणार नाही, ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, झुणका, दही. हायवेवरच्या मोठ्या ढाब्यांपेक्षा गावातल्या खानावळीत जेवा, भाकरी गरम मिळते. तरी मोठं कुटुंब असेल तर घरून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे बांधून न्या, जलसंगवीकडे गेलात तर तिथे देवळाजवळ जेवणाची सोय धरून चालू नका. पाणी पण घरूनच, माणशी दोन लिटर.